नाशिकहून ताडोबा, टूरवाल्यांबरोबर : चार सफारींचा खरा अनुभव

गेला महिनाभर ओळखीतलं प्रत्येक जण विचारतंय की ताडोबाला कोणाबरोबर गेला होता, वाघ दिसला का, पैसे वसूल झाले का, मग म्हटलं फोनवर दहा वेळा तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते. कंपनी नाशिकचीच आहे. नाव लिहीत नाही, कारण शेवटी आमचा हिशोब मिटलाय आणि त्यांची गाडीवाली, स्वयंपाकाची माणसं खरंच चांगली होती. पण सफारीचं बुकिंग ज्या पद्धतीने केलं त्याबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण नाशिकमधून उन्हाळ्यात ताडोबाच्या अशा टूर बऱ्याच निघतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला काय विचारायचं तेच माहीत नसतं, मलाही नव्हतं.

पॅकेज होतं तीन रात्री चार दिवसांचं, नाशिक ते नाशिक, राहणं-जेवण सगळं धरून, आणि चार सफारी. पत्रकात ठळक लिहिलेलं, तीन कोअर (म्हणजे आतलं जंगल) एक बफर (त्याच्याभोवतीचा पट्टा). आणि त्याच्याखाली त्याहून मोठ्या अक्षरात 'व्याघ्रदर्शन हमखास'. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि माझे वडील असे चौघं गेलो. खरं तर आप्पांसाठीच गेलो. आप्पांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, वय ७१. आमच्याकडे बिबट्या म्हणजे काही अप्रूप नाही, उसात असतो, कुत्री उचलतो, रात्री पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी आणि काठी लागतेच. आप्पांनी आयुष्यात किती तरी बिबटे बघितले पण वाघ नाही बघितला, आणि दर वर्षी बागेच्या खरड छाटणीनंतर म्हणायचे की एकदा पट्ट्याचा बघायचाय. या वर्षी म्हटलं चला.

जाण्याबद्दल आधी. शनिवारी पहाटे चारला नाशिकच्या द्वारका चौकातून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, वेळेवर, हे मान्य करते. आम्ही बारा जण. सिन्नरच्या पुढे समृद्धीला लागलो की मग नागपूरपर्यंत सरळ पट्टा, ड्रायव्हर अगदी शांत माणूस, एकदाही स्पीड वाढवला नाही. समृद्धीवर मधे खाण्यापिण्याची आणि बाथरूमची सोय मात्र फार लांब लांब आहे, लहान मुलं किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तर घरून डबा आणि भरपूर पाणी घ्याच. बुलढाणा जिल्हा लागला तेव्हा मुलीला टिपेश्वरच्या त्या वाघाची गोष्ट सांगितली, यवतमाळकडून निघालेला तो वाघ शेतं, रस्ते, नद्या ओलांडत १३०० किलोमीटरच्या वर चालून डिसेंबर २०१९ मधे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला होता, गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे सगळं कळालं. मुलगी खिडकीला नाक लावून बसली ते थेट वर्धा येईपर्यंत. अशा गोष्टी खरं तर टूर मॅनेजरने सांगायला पाहिजेत, तो पोरगा स्वभावाने गोड आहे पण जंगलाची माहिती त्याला शून्य, अंताक्षरी घेत होता.

नागपूरच्या पुढे जाम, वरोरा, भद्रावती करत मोहर्लीला पोचायला संध्याकाळचे साडेपाच झाले. तेरा तासांच्या वर प्रवास. आप्पांची पाठ धरली होती. ज्यांना जमेल त्यांनी नाशिक रोडवरून रात्रीची ट्रेन पकडून सकाळी नागपूरला उतरावं आणि तिथून गाडी करावी, जास्त सोपं आहे.

राहण्याची जागा स्वच्छ, कूलर चालू, एसी पण होता पण लाइट जात होती. मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन काय असतं ते नाशिककराला सांगून कळणार नाही, आपण ४० झालं की बोंब मारतो, तिथे ४५ ला लोक शांतपणे दुपट्टा बांधून कामाला जातात. जेवण मस्त. पहिल्या दिवशी पनीर-बिनीर होतं पण आप्पांनी स्वयंपाकाच्या मावशींना विचारलं की तुम्ही घरी काय खाता, तर दुसऱ्या दिवशी पाटवडी रस्सा आला आणि सगळ्या बसने तोच संपवला. आप्पांना शुगर आहे हे एकदा सांगितलं तर तिन्ही दिवस त्यांना भाकरी आणि बिनसाखरेचा चहा न मागता आला. याचे पूर्ण मार्क.

आता मुद्द्याचं, कोअर आणि बफर. ताडोबा-अंधारीचं कोअर म्हणजे आतलं ६२५ चौरस किलोमीटरचं जंगल, त्याच्याभोवती साधारण ११०० चौरस किलोमीटरचं बफर. बफरमधे गावं आहेत, गुरं चरतात, लोक मोह आणि तेंदूपत्ता गोळा करायला जातात. दोन्हीकडे वाघ आहेत, बफर म्हणजे दुय्यम असं अजिबात नाही आणि ते मी पुढे सांगतेच. पण गेट वेगळे, दर वेगळे आणि कोअरचं बुकिंग उन्हाळ्यात मिळायला अवघड. पॅकेजची किंमत मुख्यतः यावर ठरते. म्हणून पत्रकात काय लिहिलंय आणि हातात परमिट कशाचं येतं हे बघणं महत्त्वाचं.

रविवारी सकाळी पहिली सफारी, कोअर, मोहर्ली गेट. अंधारातच जिप्सीत बसलो, एका जिप्सीत सहा पर्यटक, एक गाइड, एक ड्रायव्हर. ओरिजिनल ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत, आमच्यातल्या एका काकांनी झेरॉक्स आणली होती, ती धावपळ वेगळीच. कोअरमधे मोबाइल न्यायला बंदी आहे आणि मला ते फार आवडलं, चार तास कुणाची रिंग नाही काही नाही. वयस्कर माणूस असेल तर त्याला मधल्या सीटवर बसवा, मागची सीट उंच असते, दिसतं छान पण प्रत्येक खड्ड्याला माणूस उडतो.

त्या सकाळी वाघ दिसला नाही. पण काय काय दिसलं! रस्त्याच्या कडेने गोंड राजांच्या काळातले दगडी खांब उभे आहेत, त्यांच्यातून दोर ओढून घंटा वाजवत निरोप पुढे पोचवायचे असं गाइडने सांगितलं. तळ्यावर मगर पडलेली, नुसतं लाकूड वाटावं अशी. तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे, तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना गेला आणि आदिवासींनी त्याला देव केला, त्याच्यावरून ताडोबा. पौषात तिथे जत्रा भरते. वाघाने मारलेल्या माणसाचं नाव त्या जंगलाला आहे आणि आज तिथलीच माणसं त्या वाघाला राखतात, मला हे ऐकून अंगावर काटा आला. मग रानगव्यांचा कळप आला, एवढाले काळेभोर आणि पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि परत येताना रानकुत्री, सहा होती, रस्ता ओलांडून बांबूत शिरली. गाइड म्हणाले ही दिसणं वाघाइतकंच नशीब. आमच्या मागच्या सीटवरचं जोडपं मात्र गेटपर्यंत कुरकुरत होतं की काहीच नाही दिसलं. आणि त्याला मी त्यांची चूक म्हणणार नाही, 'हमखास' असं छापून तुम्ही लोकांना आणता, मग ते रानकुत्र्याकडे कशाला बघतील.

दुपारची सफारी बफरमधे. साडेचारच्या सुमारास एका पाणवठ्यावर गेलो तर आधीच आठ-नऊ गाड्या लागलेल्या, आणि पाण्याच्या पलीकडे जांभळीच्या सावलीत ती. वाघीण. उठली, आळस दिला, आणि पाण्यात शिरली ती पाठीमागून, आधी शेपटी, मग मागचे पाय, मग हळूहळू पोटापर्यंत, तोंड आमच्याकडे. गाइड म्हणाले वाघाला डोळ्यांवर पाणी उडालेलं आवडत नाही आणि समोरच्यावरची नजरही सोडायची नसते. कानांच्या मागे पांढरे ठिपके असतात ते मान वळवल्यावर दिसले. मुलीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. आप्पा काहीच बोलले नाहीत, टोपी काढून मांडीवर ठेवली फक्त.

साधारण पाच मिनिटं हे असं चाललं. मग वायरलेस लागावी तशी बातमी पसरली आणि गाड्या येत गेल्या, मी मोजल्या, सतरा. पुढे-मागे, पुढे-मागे, डिझेलचा वास, धूळ, लोक सीटवर उभे, कुणी तरी 'ए इकडे बघ' म्हणून ओरडलं, वाघिणीला! आमच्या गाइडने इंजिन बंद करायला लावलं आणि आम्हाला खाली बसवलं, पण सतरातल्या तीन-चार गाड्यांनीच असं केलं. ती पाण्यातून उठली, दोन गाड्यांच्या मधून तिला जायचं होतं तर वाटच नव्हती, थांबली, एकदा इकडे एकदा तिकडे बघितलं, आणि मग उलटं फिरून चढावरून बांबूत गेली. पाणी अर्धवट सोडून. ४५ डिग्रीत. मला खरंच लाज वाटली, कारण त्या सतरा गाड्यांत एक आमची होती.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या गोठणगाव गेटला एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं होतं, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील, नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हरवर कारवाई झाली. तेव्हा मी पण म्हटलेलं काय ही माणसं. आता तिथे बसून कळालं की हे कसं होतं. प्रत्येक गाडीत सहा जण 'हमखास'चे पैसे भरून आलेले, ड्रायव्हरवर प्रेशर, गाइडवर प्रेशर, नाही दिसला तर टीप नाही. त्या गाइडला रोजचं पोट भरायचंय. टूर कंपनी नाशिकमधे बसून एक शब्द छापते आणि त्याचा धक्का तिथे पाणवठ्यावर वाघिणीला बसतो.

रात्री मॅनेजर पोरगा एकदम खूश, अभिनंदन अभिनंदन, झालं दर्शन! बसमधले बरेच जण पण खूश.

सोमवारी सकाळी तिसरी सफारी, परत कोअर, आणि माझ्यासाठी सगळ्या टूरचे पैसे इथे वसूल झाले. या वेळी गाइड एक ताई होत्या, तिथल्याच गावच्या, तिशीच्या आतल्या. गाइड गेटवर पाळीने मिळतात, कंपनीच्या हातात ते नसतं, आपल्यालाही निवडता येत नाही. ताईंनी गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "वाघ पाहून झाला का जी?" हो म्हटलं. "मग आता जंगल पाहू." आणि जीव तोडून दाखवलं त्यांनी. ऐन कसा ओळखायचा, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते. ते पांढरंफटक कांडोळाचं झाड जे रात्री भुतासारखं चमकतं. अस्वलाने मोहाच्या झाडावर चढताना काढलेले ओरखडे. वाघाने झाडाच्या बुंध्यावर फवारा मारून आपली हद्द कशी सांगितलेली असते.

मग एका वळणावर रस्त्याच्या मातीत ठसे. आमच्या पुढे गेलेल्या गाडीच्या टायरच्या खुणेवर उमटलेले, म्हणजे ती गाडी गेल्यानंतर वाघ चालून गेलेला, आत्ताच. खाली उतरायला परवानगी नाही, म्हणून सगळे वरूनच वाकून बघत होतो. आप्पांनी हात सरळ पुढे धरून अंदाज घेतला आणि म्हणाले, आमच्या उसातल्याचा याच्या निम्मा असतो. ताई एकदम वळल्या, तुमच्याकडे वाघ आहे का बाबा? मग काय, दोघांचं सुरूच झालं. निफाडचा बिबट्या, उसात होणारी पिल्लं, तोडणी सुरू झाली की माणसांच्या पुढ्यात सापडणारी बछडी. ताई म्हणाल्या आमच्याकडे पण मोह वेचायला पहाटे बाया वाकून बसतात आणि मागून वाघ येतो, गावागावात असं झालंय. त्यांनी दाखवलं की हा ठसा गोलसर आहे, चौकोनात बसतो, म्हणजे नर, मादीचा लांबट असतो आणि बोटं निमुळती.

इंजिन बंद करून चाळीस मिनिटं थांबलो. वाघ जवळ असला की बाकीची जनावरं ओरडून इशारा देतात, त्याचीच वाट बघत होतो. चितळ ओरडलं, ताईंनी लक्ष दिलं नाही. "चितळ कधी कधी उगाच घाबरते." मग झाडाच्या शेंड्यावरनं वानराने खॉक केलं, ताई ताठ झाल्या. आणि मग डावीकडून खोलवरून सांबराचा कॉल आला, भोंग्यासारखा एकच, थांबून परत. "आता पक्कं. सांबर पाहिल्याबिगर बोलत नाही." बांबू वाजत होता, वारा नव्हता तरी. सहा जणांत कुणी श्वास पण जोरात घेत नव्हतं, आदल्या दिवशी कुरकुरणारं ते जोडपं पण. कॉल हळूहळू लांब गेला. वाघ काही दिसला नाही. तो होता, आमच्यापासून शंभरेक फुटांवरून गेला असेल, त्याने आम्हाला बघितलं आणि त्याला यायचं नव्हतं म्हणून नाही आला. आप्पा हॉटेलवर आल्यावर म्हणाले, कालच्यापेक्षा आज जास्त वाघ दिसला. मला पण तसंच वाटलं होतं पण बोलता आलं नव्हतं.

आता तक्रार. चौथी सफारी मंगळवारी सकाळी, पत्रकाप्रमाणे कोअर. सोमवारी रात्री जेवताना सहज मावशींना म्हटलं की उद्या कोअरला लवकर निघायचंय, तर त्या म्हणाल्या, उद्या मंगळवार आहे ना, कोअर बंद असते. ताडोबाचं कोअर दर मंगळवारी बंद असतं. हे कायमचं आहे, अचानक आलेलं नाही. जी कंपनी दर उन्हाळ्यात तिथे बस घेऊन जाते तिला हे माहीत नाही असं होऊच शकत नाही, शनिवारी निघून मंगळवारी परत असं वेळापत्रक आखतानाच त्यांना ठाऊक होतं की तिसरं कोअर होणार नाही. सकाळी परमिट बफरचं आलं. मॅनेजर म्हणाला, मॅडम वाघ दिसलाय ना तुम्हाला, मग कोअर काय नि बफर काय. मी त्याला तिथे फार बोलले नाही, पगारी पोरगा, त्याने काय ठरवलं नव्हतं. पण नाशिकला आल्यावर ऑफिसात फोन केला तर तिथेही शब्दाला शब्द तेच उत्तर. म्हणजे शिकवून ठेवलेलंय.

माझं म्हणणं एवढंच होतं की वाघ तुम्ही दाखवलेला नाही. तो तुमचा नाहीच. पुढच्या माणसालाही तुम्ही तो विकू शकत नाही. मी तुम्हाला पैसे दिले ते गाडीचे, जेवणाचे, खोलीचे आणि तीन कोअर एक बफरच्या परमिटचे, त्यातली तुमच्या हातातली गोष्ट तुम्ही दिली नाही आणि जी हातात नव्हती तिचं श्रेय घेताय. चौथी सफारी वाईट झाली असं पण नाही, मोर, निलगाय, तिरचिमणीसारखा छोटा पक्षी दिसला, मुलीने वहीत लिहिलंय. पण हिशोब तो हिशोब. परमिटचे फोटो आणि पत्रक पाठवलं, तीनदा फोन केला, एकदा ऑफिसात जाऊन बसले, शेवटी एकोणीस दिवसांनी दरातला फरक चौघांचा परत आला. बसमधल्या बाकी आठ जणांना मिळाला का विचारलं तर म्हणे त्यांनी मागितला नाही. मी त्यातल्या सगळ्यांना मेसेज केलाय, मागा म्हणून.

तर गाडी, राहणं, जेवण पाचपैकी साडेचार. बुकिंग आणि खरेपणा पाचपैकी दीड. जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी प्रत्येक सफारीचं गेट, तारीख आणि कोअर की बफर हे लेखी मागा, तारखांत मंगळवार कुठे येतो ते कॅलेंडरवर स्वतः बघा, परमिटची कॉपी आधी पाठवायला सांगा. हे द्यायला जो का-कू करेल त्याला सोडून द्या. 'हमखास' लिहिणाऱ्याकडे तर मी आता जाणारच नाही. वनखात्याच्या साइटवर स्वतः पण बुकिंग करता येतं. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं हेही लक्षात ठेवा. कपडे मातकट-हिरवे, सेंट मारू नका, तोंडाला सुती कपडा हवाच, धूळ मरणाची. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळी फी पडते. आणि लहान मुलांना आधी सांगून ठेवा की वाघ येईल किंवा येणार नाही, त्यांना ते मोठ्यांपेक्षा लवकर समजतं.

आम्ही परत जाणार आहोत, स्वतः बुकिंग करून, थंडीत, कोलारा गेटने. आप्पांचा परवा निफाडहून फोन आला होता, मला वाटलं बागेच्या फवारणीचं काही तरी, तर म्हणे नातीला दे. ड्रिपखालच्या ओल्या मातीत ठसे उमटलेत, लांबट आहेत, मादी असणार, त्या ताई म्हणाल्या होत्या तसेच बोटं निमुळती, आणि त्यांच्या बाजूने अगदी लहान दोन. त्यांनी वर टोपली उलटी घालून ठेवलीय पुसू नयेत म्हणून. शनिवारी शाळा सुटली की आम्ही बघायला चाललोय.